भुसा भरलेला ससा आणि लिहून दिलेला कबुलीजबाब

लुइस कॅरलच्या ॲलिसवर आजवर कितीतरी चित्रपट निघाले. त्यातला डिस्नेचा १९५१ सालचा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. निळा फ्रॉक, गाणी, दात विचकणारं मांजर. त्याच गोष्टीवर १९८८ साली यान श्वांकमायेर या चेक दिग्दर्शकाने 'नेत्सो झ आलेन्की' नावाचा चित्रपट केला. नावाचा अर्थ 'ॲलिसमधलं काहीतरी'. जगभर तो नुसता 'ॲलिस' म्हणून ओळखला जातो. यातला पांढरा ससा खरा आहे, म्हणजे एके काळी खरा होता. काचेच्या पेटीत भुसा भरून ठेवलेला हा ससा अचानक हलायला लागतो, पंजे फळीला ठोकणारे खिळे उपटून काढतो, कपडे चढवतो आणि काच फोडून बाहेर पडतो. त्याच्या छातीची शिवण उसवलेली आहे, तिथून भुसा सांडत राहतो. वेळ बघायची असली की तो त्याच भोकात हात घालून घड्याळ काढतो आणि त्यावरचा भुसा चाटून पुसतो. भूक लागली की वाडग्यात भुसा घेऊन चमच्याने खातो. अंगातून जे गळतं तेच पुन्हा पोटात.

हा चित्रपट आवडला का, या प्रश्नाला मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. जवळपास दीड तासाच्या या चित्रपटातला काही भाग बघताना मी जागचा हललो नाही, आणि काही भाग बघताना अजून किती उरलाय हे दोनदा तपासलं. ही दोन्ही मतं अजून तशीच आहेत. त्यांची सरासरी काढून 'बरा आहे' म्हणता येत नाही, कारण 'बरा' तर तो कुठेच नाही.

आवडलेलं आधी सांगतो. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. आहेत ते फक्त वस्तूंचे आवाज: खिळा उपटल्याचा, कात्रीचा, अडकलेल्या ड्रॉवरचा. ॲलिस ड्रॉवर उघडायला जाते आणि त्याची मूठ हातात येते. हे दर वेळी होतं, आणि दर वेळी गंमत वाटते. अद्भुतनगरी म्हणजे बागबगीचा नाहीच. ती आहे एका जुन्या घराच्या खोल्या, फडताळं, बरण्या, तळघर. सुरवंट म्हणजे एक पायमोजा, त्याला काचेचे डोळे आणि कवळी; झोपायची वेळ झाली की तो सुईदोऱ्याने स्वतःचे डोळे शिवून टाकतो. ॲलिस लहान होते तेव्हा तिची चिनी मातीची बाहुली होते. क्रिस्टीना कोहोउतोवा ही मुलगी ॲलिस झाली आहे आणि ती कुठेही गोड दिसायचा प्रयत्न करत नाही. ती दगड मारते, हट्ट करते, वैतागते. खऱ्या मुलांसारखी.

आता न आवडलेलं. कोणतंही पात्र बोललं की पडदाभर ॲलिसचे ओठ दिसतात आणि ती 'असं पांढरा ससा म्हणाला' छापाचं वाक्य म्हणते. पहिल्यांदा ही युक्ती चांगली वाटते, नंतर दाढेत अडकलेल्या सुपारीसारखी होते. चहापानाचा प्रसंग चावीच्या खेळण्यासारखा फिरत राहतो. मुद्दा काही फेऱ्यांतच समजतो, फेऱ्या मात्र थांबत नाहीत. आणि मग हाडांचे, कवट्यांचे, कच्च्या मांसाचे हलणारे तुकडे. त्यांची मला भीती नाही वाटली, शिसारी आली.

आम्ही तिघं-चौघं शनिवारी रात्री कुणाच्या तरी फ्लॅटवर जमून असले चित्रपट बघतो. सगळे आयटीवाले, सगळ्यांना सोमवारची धास्ती. माझी कुरकुर ऐकून एक जण म्हणाला, "अरे, हा कम्युनिझमवर आहे. तो काळ माहीत असला की कंटाळा येणार नाही." हे वाक्य मला खटकलं. काळ माहीत असल्यामुळे चित्रपट समजेल हे मान्य. पण त्यामुळे तो आवडायलाच हवा, हे कुठून आलं? तेव्हापासून मी त्या काळाबद्दल वाचत गेलो. ते सांगण्यासारखं आहे, कारण त्यातून माझ्या मित्राचं म्हणणं अर्धं बरोबर निघालं, आणि उरलेलं अर्धं जास्त रंजक निघालं.

दोऱ्या कुणाच्या हातात

चेक लोकांचं बाहुल्यांशी असलेलं नातं आपल्या पटकन ध्यानात येत नाही. हाब्सबुर्ग राजवटीत सरकारदरबारची, शिक्षणाची, प्रतिष्ठेची भाषा जर्मन होती. गावोगाव फिरणारे कळसूत्री बाहुल्यांचे खेळवाले मात्र चेक बोलत. मात्येय कोपेत्स्की (१७७५–१८४७) हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध नाव. फाउस्ट, डॉन हुआन अशी नाटकं लाकडी बाहुल्यांच्या तोंडून चेकमध्ये ऐकू येत. साहजिकच चेक राष्ट्रवादाच्या आठवणीत बाहुलीवाल्याला मानाची जागा मिळाली. २०१६ मध्ये युनेस्कोने चेक आणि स्लोव्हाक बाहुलीकला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

विसाव्या शतकात ही परंपरा पुढे नेली योसेफ स्कुपा यांनी. त्यांचे श्पाय्ब्ल आणि हुर्वीनेक हे बापलेक चेक घराघरांत पोचले. नाझींनी देश गिळला, नोव्हेंबर १९३९ मध्ये चेक विद्यापीठं बंद केली, तरी बाहुल्या बोलत राहिल्या. १९४४ साली स्कुपांना अटक झाली आणि त्यांना ड्रेस्डेनच्या तुरुंगात टाकलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोस्तांच्या विमानांनी ते शहर बेचिराख केलं, त्या गोंधळात ते निसटले.

स्कुपांच्या हाताखाली तयार झालेला एक मुलगा म्हणजे यिर्झी त्रन्का (१९१२–१९६९). १९४५ साली चेकोस्लोव्हाकियात चित्रपटधंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढच्याच वर्षी त्रन्का बाहुल्यांच्या चित्रपटांकडे वळले, आणि तिथून 'सम्राटाचा नाइटिंगेल', 'जुन्या चेक आख्यायिका', 'मिडसमर नाइट्स ड्रीम' असे चित्रपट आले. हे सगळं सरकारच्या पैशावर. बाहुल्यांच्या चित्रपटाला इतका वेळ, इतकी माणसं आणि इतका निवांतपणा देणारा खासगी निर्माता तेव्हा जगात सापडणं कठीण होतं. ही गोष्ट सोडून पुढचं सांगितलं, तर इतिहास एकांगी होतो.

त्रन्कांचा शेवटचा चित्रपट 'हात' (१९६५). एक छोटा विदूषकवजा कुंभार आपल्या रोपट्यासाठी कुंड्या घडवत असतो. दारातून एक प्रचंड हात आत येतो, हातमोजा घातलेला. त्याला कुंडी नको, हाताचा पुतळा हवा. कुंभार नाही म्हणतो. हात आधी लाडीगोडी लावतो, मग पैसे देतो, मग धमकावतो, शेवटी कुंभाराच्या अंगाला दोऱ्या बांधून त्याला सोन्याच्या पिंजऱ्यात बसवतो. कुंभार निसटून घरी येतो आणि डोक्यावर कुंडी पडून मरतो. मग तोच हात त्याची थाटामाटात अंत्ययात्रा काढतो. १९६९ च्या डिसेंबरात त्रन्का गेले, आणि त्यानंतर थोड्याच काळात हा चित्रपट दडपला गेला.

'हात' बघताना मला कुठेही दोन मतं झाली नाहीत. तो लगेच कळतो, मनाला लागतो आणि संपतो. श्वांकमायेर तसा नाही.

थांबलेल्या वस्तूंचं चालणं

या तंत्राबद्दल थोडं बोलायला हवं, कारण माझ्या शिसारीचा एक धागा तिथे आहे. स्टॉप-मोशनमध्ये वस्तू ठेवायची, एक चौकट टिपायची, वस्तू किंचित सरकवायची, पुन्हा टिपायची. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी लागतात. एकेक स्थिती दोनदा टिपली तरी सेकंदाला १२ वेळा हात लावावा लागतो. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अवधीने टिपून पडद्यावर झरझर दाखवली, ती भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी. नंतर 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. त्याच सुमारास रशियन साम्राज्यात लादिस्लास स्तारेविच मेलेल्या किड्यांना पडद्यावर चालवत होते. म्हणजे हे तंत्र जन्मापासून दोन वाटांनी चाललं आहे: काड्यांची मौज एकीकडे, मेलेल्याला उठवणं दुसरीकडे. श्वांकमायेरने दुसरी वाट शेवटपर्यंत नेली.

दुसरी गोष्ट अशी की आपण चालताना कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक चौकटीत आपण जरासे धूसर असतो. स्टॉप-मोशनमधली वस्तू टिपताना स्थिर असते, म्हणून प्रत्येक चौकट स्वच्छ येते. मेंदूला हालचाल दिसते, पण हालचालीबरोबर येणारी धूसरता दिसत नाही. बाहुली असली तर आपण ते खपवून घेतो. खऱ्या सशाची कातडी, खरं हाड, खरं मांस असलं की मन अडखळतं. संगणकावर आम्ही लोक ही धूसरता मुद्दाम मिसळतो, म्हणजे डोळ्याला खुपणार नाही. श्वांकमायेर आणि त्यांचे ॲनिमेटर बेद्रिख ग्लाझेर यांना डोळ्याला खुपायलाच हवं होतं. 'ॲलिस'मधला ससा जिवंत वाटत नाही. हलवलेला मृतदेह वाटतो.

स्पर्श करू नका

श्वांकमायेर १९३४ साली प्रागमध्ये जन्मले. त्याच वर्षी प्रागमध्ये अतिवास्तववादी गट स्थापन झाला; कवी वितेझ्स्लाव नेझ्वाल आणि सिद्धान्तकार कारेल तायगे हे त्यातले प्रमुख. १९३५ मध्ये आंद्रे ब्रेताँ स्वतः प्रागला आले. पॅरिसबाहेर अतिवास्तववादाला जी थोडी घरं मिळाली, त्यातलं हे एक मोठं घर.

त्या घराचं पुढे काय झालं हे सांगायला एकच घटना पुरेशी आहे. झाविश कालांद्रा हे इतिहासकार आणि पत्रकार अतिवास्तववाद्यांच्या जवळचे होते. एकेकाळचे कम्युनिस्ट, स्टालिनविरोधी झालेले, युद्धात नाझींच्या छळछावणीतून वाचलेले. १९५० साली प्रागमध्ये मिलादा होराकोवा आणि इतरांवर देशद्रोहाचा खटला उभा राहिला, त्यात कालांद्राही आरोपी होते. कालांद्रांसाठी आवाज उठव, असं खुलं पत्र ब्रेताँनी आपला जुना मित्र, कवी पॉल एल्युआर याला लिहिलं. एल्युआर तेव्हा कम्युनिस्टांचा लाडका कवी होता. त्याने नकार दिला: निर्दोषांसाठी करण्यासारखं इतकं आहे की गुन्हा कबूल करणाऱ्यांसाठी वेळ नाही, अशा अर्थाचं. २७ जून १९५० रोजी होराकोवा आणि कालांद्रा दोघांनाही फाशी झाली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९५२ मध्ये, खुद्द पक्षाचे माजी सरचिटणीस रुदोल्फ स्लान्स्की आणि आणखी १३ जणांवर खटला चालला. आरोपींकडून प्रश्नोत्तरं पाठ करून घेतलेली होती. ११ जणांना फाशी झाली.

श्वांकमायेर तेव्हा अठरा वर्षांचे, कलाशाळेत शिकणारे. पुढे ते प्रागच्या नाट्यअकादमीत बाहुलीनाट्य शिकले, रंगभूमीवर काम केलं, आणि १९६४ मध्ये पहिला लघुपट केला. चित्रकार एवा श्वांकमायेरोवा या त्यांच्या पत्नी आणि पुढच्या अनेक चित्रपटांतल्या जोडीदार.

१९६८ सालच्या 'सदनिका' या लघुपटात एक माणूस एका खोलीत अडकतो आणि तिथली प्रत्येक वस्तू त्याच्या विरोधात उठते. चमच्याला भोकं असतात, उकडलेलं अंडं फुटता फुटत नाही. शेवटी तो कुऱ्हाडीने दार फोडतो. दाराच्या मागे भिंत असते आणि भिंतीवर नावंच नावं. तो पेन्सिलने आपलं नाव लिहितो. त्याच वर्षीच्या 'बाग'मध्ये एका सुखवस्तू माणसाच्या घराला जिवंत माणसांचं कुंपण आहे, हातात हात धरून उभं असलेलं. २० आणि २१ ऑगस्टच्या मधल्या रात्री सोव्हिएत फौजा देशात शिरल्या, आणि मग 'सामान्यीकरण' नावाचा, म्हणजे सगळं पुन्हा गप्प करण्याचा काळ सुरू झाला.

१९७० मध्ये श्वांकमायेर व्रातिस्लाव एफेनबेर्गर यांच्या अतिवास्तववादी गटात सामील झाले. त्याच वर्षी त्यांनी सेदलेत्सच्या अस्थिगृहावर माहितीपट केला. तिथे ४०,००० हून अधिक माणसांची हाडं आहेत आणि १८७० साली फ्रान्तिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने त्यांची झुंबरं, तोरणं, इतकंच काय, जमीनदार घराण्याचं मानचिन्हसुद्धा बनवलं. माहितीपटाच्या मूळ ध्वनिपट्टीवर तिथल्या मार्गदर्शक बाईंचा रटाळ आवाज होता. ती लोकांना बजावत असते, हाडांना हात लावू नका. अधिकाऱ्यांना तो आवाज पसंत पडला नाही. त्याजागी संगीत घालावं लागलं. हाडं चालली, बाई चालली नाही. सेन्सॉरला मृत्यूची अडचण नसते. रोजचा, ओळखीचा, हुकूम सोडणारा आवाज जसाच्या तसा ऐकू आला की अडचण होते.

सत्तरच्या दशकात 'ओट्रांटोचा किल्ला'वरून वाद झाला, श्वांकमायेरनी सांगितलेले बदल करायला नकार दिला, आणि काही वर्षं त्यांना चित्रपट करता आले नाहीत. त्या काळात ते इतरांच्या चित्रपटांसाठी कलादिग्दर्शनाची किरकोळ कामं करत होते आणि घरी एक चमत्कारिक प्रयोग करत होते: फक्त स्पर्शाने अनुभवायची शिल्पं, स्पर्शाची कविता. त्यावरचं 'स्पर्श आणि कल्पना' हे पुस्तक १९८३ मध्ये गुपचूप टंकलिखित स्वरूपात फिरलं आणि छापून आलं राजवट गेल्यावर, १९९४ मध्ये. पडद्याला हात लावता येत नाही. पण पडद्यावरचं बघून आपल्या बोटांना, जिभेला, दातांना काहीतरी जाणवावं, हा त्यांचा ध्यास तेव्हापासूनचा. 'ॲलिस' बघताना माझ्या तोंडात भुश्याची चव आली ती अपघाताने नव्हे.

एकच चित्रपट, दोन न्यायालयं

१९८२ सालचा 'संवादाच्या शक्यता' हा बारा मिनिटांचा लघुपट तीन भागांत आहे. पहिल्या भागात आर्चिम्बोल्दोच्या चित्रांसारखी डोकी समोरासमोर येतात. फळं-भाज्यांचं एक, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं एक, कागद-पुस्तकांचं एक. ती एकमेकांना खातात, चावून चोथा करतात, ओकतात, जोवर सगळी सारखीच गुळगुळीत मातीची डोकी होऊन एकमेकांच्या प्रती काढत नाहीत तोवर. दुसऱ्या भागात मातीचे स्त्री-पुरुष प्रेमात एकमेकांत विरघळतात. मागे मातीचा एक छोटा गोळा उरतो, तो कुणालाच नको असतो, आणि मग ते एकमेकांना ओरबाडून संपवतात. तिसऱ्या भागात दोन म्हातारी डोकी तोंडातून वस्तू काढतात. एकाचा ब्रश, दुसऱ्याची पेस्ट. ब्रेड आणि लोणी. बूट आणि नाडी. मग क्रम चुकतो: बुटावर लोणी, ब्रेडला नाडी. शेवटी दोघं चिरफाळून धापा टाकतात.

१९८३ मध्ये बर्लिनला या लघुपटाला सुवर्ण अस्वल मिळालं, आन्सीला सर्वोच्च पुरस्कार. आणि मायदेशात तो पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या विचारप्रणाली आयोगाला दाखवण्यात आला, काय करू नये याचा नमुना म्हणून.

या ठिकाणी मी बराच वेळ थांबलो. एका बाजूला आयोग विचारतो: ही सारखी होत जाणारी डोकी म्हणजे कोण? आम्हीच ना? दुसऱ्या बाजूला पश्चिमेतले कितीतरी चाहते म्हणतात: ही सारखी होत जाणारी डोकी म्हणजे तेच, कम्युनिस्ट! निकाल उलटे, पण वाचायची रीत एकच. वस्तू हे कुलूप आहे, त्याची किल्ली राजकारणात आहे, ती फिरवली की चित्रपट उघडला. नंतर बघण्यासारखं काही उरत नाही.

माझ्या मित्राचं वाक्य मला का खटकलं, ते इथे उमगलं. 'हा कम्युनिझमवर आहे' हे वाक्य आयोगाच्या बैठकीतही शोभलं असतं.

आणि ते वाक्य पुरतही नाही. बुटाला लोणी लागतं तो प्रसंग पुण्यातल्या कुठल्याही कंपनीतल्या मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला समजतो. मातीचा गोळा एकमेकांकडे ढकलणारं जोडपं समजायला पॉलिटब्यूरो लागत नाही. आपल्या चित्रपटांचा रोख कुठल्या एका राजवटीपुरता नाही, दुखणं संस्कृतीतच खोल आहे, अशी श्वांकमायेर यांचीही भूमिका राहिली आहे. १९८९ नंतर बाजारपेठ आली तेव्हाही त्यांच्या चित्रपटांतली माणसं तशीच हावरट, तशीच एकटी राहिली.

इतिहास काय देतो

आता पुन्हा 'ॲलिस'. स्विस कंपनीचा पैसा मिळाला म्हणून हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला, आणि १९८९ मध्ये आन्सीला त्याला पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्यात शेवटाकडे खटल्याचा प्रसंग आहे. पुस्तकातही खटला आहे, तिथे गोंधळ आणि शब्दांचे खेळ आहेत. चित्रपटात मात्र ॲलिस स्वतः आरोपी आहे आणि तिच्या हातात कागद दिला जातो. काय बोलायचं ते त्यात लिहून ठेवलेलं आहे. ती मनचं बोलायला लागली की राजा तिला कागदाला धरून बोलायला सांगतो.

१९५० आणि १९५२ चे खटले माहीत नसताना हा प्रसंग मला एक बरा विनोद वाटला होता. कालांद्रा आणि स्लान्स्की यांच्याबद्दल वाचल्यावर मी तो परत पाहिला, तेव्हा पत्त्यातल्या राजाच्या कागदी हातातला तो कागद बघवेना. तो प्रसंग वाढला, हे निर्विवाद. इतिहासाने मला इथे काहीतरी दिलं, आणि तेवढ्यापुरतं माझ्या मित्राचं म्हणणं खरं.

पण ओठांच्या त्या पडदाभर चौकटी? त्या इतिहास वाचूनही तितक्याच कंटाळवाण्या राहिल्या. चहापान तितकंच लांबलं. आणि भुसा खाणाऱ्या सशाला कुठलीच किल्ली लागली नाही. लागावी असंही मला वाटत नाही. लहानपणी आपण जेवायला त्रास देणारं मूल होतो, असं श्वांकमायेर यांनी सांगितलं आहे. त्यांच्या चित्रपटांतलं अन्न का अंगावर येतं, ते थोडंसं यावरून समजतं. तो धागा राजवटीकडे जात नाही, जेवणाच्या टेबलाकडे जातो. ॲलिस ही बोधकथा नाही, स्वप्न आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि स्वप्नातल्या सशाला तुम्ही 'तू कुणाचं प्रतीक?' असं विचारत नाही. तो पळतो, तुम्ही मागे धावता.

याचा उलटा पुरावाही त्यांच्याच कामात आहे. राजवट कोसळल्यावर, १९९० मध्ये, त्यांनी बीबीसीसाठी 'बोहेमियातील स्टालिनवादाचा अंत' हा लघुपट केला. त्यात स्टालिनचा अर्धपुतळा शस्त्रक्रियेने चिरला जातो आणि आतून रक्ताने माखलेला क्लेमेंट गॉटवाल्ड बाहेर येतो, म्हणजे १९४८ साली सत्ता घेणारा चेक कम्युनिस्ट नेता. साच्यातून मातीचे कामगार बाहेर पडतात, पट्ट्यावरून जाऊन फासावर लटकतात आणि पुन्हा त्याच मातीत जातात. शेवटी तोच पुतळा चेकोस्लोव्हाकियाच्या झेंड्याच्या रंगांत रंगवला जातो आणि पुन्हा चिरला जातो. आतून या वेळी काय येणार, ते चित्रपट दाखवत नाही. श्वांकमायेर यांनी स्वतःच त्याला प्रचारपट म्हटलं आहे आणि इतर कामांपेक्षा हा लवकर जुना होईल असंही. मला ते पटतं. त्यातली प्रत्येक वस्तू कुणीतरी आहे. एकदा ओळख पटली की ती वस्तू राहत नाही. पुन्हा बघायची ओढ लागते ती फक्त त्या शेवटच्या चिरेची, कारण तिला उत्तर नाही.

आपण हल्ली कलाकृतीला दोन प्रकारे पास करतो. एक, मजा आली का. दोन, तिच्यावर बंदी आली होती का, तिच्या कर्त्याने सोसलं होतं का. दुसरी कसोटी वरकरणी जास्त गंभीर दिसते. पण ज्याच्यावर बंदी आली त्याला कंटाळवाणा म्हणायचीही सोय नसेल, तर आपण त्याला माणूस म्हणून नव्हे, पुतळा म्हणून बघायला लागलो आहोत. आणि पुतळ्यांचं या माणसाने काय केलं, ते वर सांगितलंच.

कालांद्राच्या बाजूने बोला, असं ब्रेताँ म्हणाले तेव्हा प्रश्न चवीचा नव्हता, जिवाचा होता. तिथे दोन मतं असायला जागा नव्हती आणि एल्युआरची कवितासुद्धा त्या उत्तराची भरपाई करत नाही. माणसाच्या स्वातंत्र्याबद्दल मत एकच असावं. त्याच्या चित्रपटाबद्दल मात्र प्रत्येकाचं वेगळं, अर्धवट, आपापसात भांडणारं असलं तरी चालेल; किंबहुना ती मोकळीक असावी म्हणूनच पहिलं मत धरायचं असतं. लिहून दिलेला कागद वाचणं ज्या मुलीला मान्य नाही, तिच्या चित्रपटाला मी लिहून दिलेली दाद द्यावी हे विचित्रच झालं असतं.

तेव्हा 'ॲलिस' जरूर बघा, पण पुऱ्या जागेपणी, आणि शक्यतो जेवणानंतर लगेच नको. खटल्याचा प्रसंग आला की १९५० आठवा. ड्रॉवरची मूठ हातात आली की हसा. ओठांच्या चौकटींचा कंटाळा आला तर येऊ द्या. चित्रपटाच्या शेवटी ॲलिस जागी होते तेव्हा काचेची पेटी फुटलेली असते आणि ससा परत आलेला नसतो. तिच्या हाती त्याची कात्री लागते आणि आता सशाचं काय करावं, याचा ती शांतपणे विचार करायला लागते.